एकाच चाकाचा माग

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोणारच्या रस्त्यावर गीताबाई गेली आणि दुपारच्या आत गावानं निकाल देऊन टाकला. साक्षी-पुरावे मागत बसतात ती कोर्टं. गावाला एवढा वेळ कुठे? जीप ज्ञानेश्वरची, आदली रात्र दसऱ्याची, तेव्हा गड्याची उतरली नसणार, हे पारावर ठरलंसुद्धा. ज्ञानेश्वर चहाशिवाय कशाला शिवत नाही, हे त्याच पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण अशा वेळी ठाऊक असलेलं कोणी बोलत नाही.

जीप जुनी, काळी-पिवळी, गावातून लोणारला सवाऱ्या नेणारी. गीताबाई मेथीच्या जुड्या घेऊन पुढच्या सीटवर डाव्या कडेला बसली होती; ती तिची ठरलेली जागा. वाटेत म्हैस आडवी आली, ज्ञानेश्वरनं ब्रेक मारला, आणि सरळ थांबायची ती जीप गर्रकन उजवीकडे फिरून नालीत गेली. गीताबाई डावीकडून बाहेर फेकली गेली ती उठलीच नाही. मागच्या सवाऱ्यांचं खरचटण्यावर निभावलं. ज्ञानेश्वरचं डोकं दाराच्या खांबावर आपटलं, आणि शुद्ध जाण्याआधी त्याला उचलणाऱ्यांना तो एवढंच म्हणाला, "म्या नाही वळवली. गाडीनंच ओढलं."

आज तिसऱ्या दिवशीही तो अकोल्याला दवाखान्यातच होता. नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले, उशाशी म्हातारे वडील. त्याची बायको छाया मात्र गावात होती, आणि तिचा जीव तिळतिळ तुटत होता. पण उद्या गाडी तपासायला सरकारी साहेब येणार होते. साहेब ब्रेकवर पाय देणार, ब्रेक लागतो म्हणणार, आणि गीताबाईचं मरण ज्ञानेश्वरच्या नावावर कायमचं चढणार. तो जगला तर खुनी म्हणून जगणार, मेला तर दारुडा म्हणून मेला असं पोरंबाळं ऐकत राहणार. हे होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ती नवऱ्याचा हात सोडून आली होती.

सकाळीच गीताबाईचा नवरा शेषराव तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. भिंतीला भिंत लागून घर. लग्न होऊन छाया इथं आली तेव्हा चूल कशी पेटते ते तिला गीताबाईनंच शिकवलं होतं. शेषराव ओरडला नाही, हेच वाईट.

"तुह्या नवऱ्यानं माही बाई मारली, छाया," तो म्हणाला. "तो वाचो नाहीतर मरो. मले सारखंच."

आणि तो गेला. छायानं तोंडात पदर कोंबला.

अश्विनी आली ती थेट अपघाताच्या जागी. अश्विनी म्हणजे ज्ञानेश्वरची धाकटी बहीण, राहायची देऊळघाटला, बुलडाण्याच्या आयटीआयमध्ये मोटारीची कामं शिकवायची. दिसायला काडी, बोलायला विळा. तिच्या वर्गातली दाढीवाली पोरंही तिच्यासमोर पाना खाली पडू देत नसत. तिनं छायाचं सांत्वन वगैरे काही केलं नाही. ती रस्त्यावर उकिडवी बसली आणि डांबराकडे पाहत राहिली.

डांबरावर टायर घासल्याचा काळा पट्टा होता, रस्त्याच्या मधोमधून उजवीकडे वळत गेलेला. पण पट्टा एकच होता. त्याच्या जोडीला, डाव्या चाकाच्या जागी, डांबर कोरं होतं.

अश्विनी उठली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"वहिनी, दादा खरं बोलला," ती म्हणाली. "ही गाडी त्यानं वळवली नाही. हिच्या ब्रेकात काहीतरी झालं. आन ते कोनाच्या तरी हातानं झालं."

२

कोणाच्या तरी हातानं! छायाच्या डोक्यात एकच नाव आलं आणि ते तिनं लगेच बोलूनही टाकलं. ऋत्विक. त्याचीही जीप याच रस्त्यावर चालायची. सवाऱ्या भरायच्या नंबरावरून दसऱ्याच्या आधीच त्याचं आणि ज्ञानेश्वरचं स्टँडवर कडाक्याचं वाजलं होतं, आणि "पाहून घेईन" हे शब्द सगळ्यांनी ऐकले होते.

"वहिनी, तिथं तू बोलायचं नाही," अश्विनीनं बजावलं. "मी बोलीन."

ऋत्विक स्टँडवर जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. डोळे तांबारलेले. या दोघींना पाहून तो सरळ झाला.

"हाव, भांडलो मी ज्ञानूभाऊशी," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "नंबरासाठी रोज कोनी न कोनी भांडते. म्हनून काय मी मानसं मारीन?"

"तसं कोनी म्हनलं नाही," अश्विनी म्हणाली. "मले फक्त सांग, कोनत्या चाकात गडबड असन? तुले काय वाटते?"

"हे काय विचारनं झालं? उजव्या. गाडी उजवीकडे गेली न." मग तो छायाकडे वळला. "वहिनी, दसऱ्याच्या दिवशी तुमची जीप कशी उभी होती ते आठवा. उजवी बाजू भिंतीले चिकटलेली. त्या फटीतून मांजर जात नाही, मी कसा जाईन? उजव्या चाकाचं काम गोकुळनं केलं. त्याले विचारा काय विचाराचं ते."

छायाला राहवलं नाही. "तुले आमच्या जीपवर एवढी नजर ठेवाले कोनी सांगितलं होतं, बे?"

ऋत्विकनं मान खाली घातली. "सोनं द्यायले आलो होतो, वहिनी. भांडन मिटवाले. तुम्ही पूजेच्या गडबडीत होत्या, गीताकाकू नारळ सोलून राह्यली होती. भाऊ झोपला होता, तसाच परत गेलो." थोडं थांबून तो म्हणाला, "आन ज्ञानूभाऊले अकोल्याले माह्याच जीपमधून नेलं. तुम्ही मागं बसल्या होत्या. तुमचं ध्यान नव्हतं."

खरंच, तिचं ध्यान नव्हतं. त्या प्रवासातलं तिला ज्ञानेश्वरच्या कपाळावरच्या फडक्याखेरीज काहीही आठवत नव्हतं. जीप कोणाची, चालवणारा कोण, हे तिनं पाहिलंच नव्हतं. ती अश्विनीच्या मागून चालू लागली.

दसऱ्याची पूजा आता तिला डोळ्यासमोर नको होती, पण ती आली. बैलजोडी जाऊन वर्षं झाली होती. घराचं पोट आता जीप भरत होती. म्हणून पूजेत छायानं काही कमी ठेवलं नव्हतं. सकाळी धुऊन पुसून जीप नवरीसारखी केली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, वाटीभर तेल, नारळ, आपट्याची पानं. गीताबाई हसून म्हणाली होती, "एवढे लाड तं बैलाचेही नाही झाले, व." आणि एवढं करून हे असं व्हावं? देवानं डोळे मिटले होते की काय?

गोकुळच्या गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत अंधारात गोकुळ एका जुन्या टायरवर बसला होता. ज्ञानेश्वरच्या बरोबरीचा, शाळेपासूनचा दोस्त. जेवणाचा डबा बाजूला होता, झाकणसुद्धा न उघडलेला.

"बरं झालं आल्या," तो म्हणाला. "मी ठान्यात जाऊन राह्यलो, ताई. त्याच्या आधी तुमाले सांगाचं होतं. गीताकाकू माह्या हातानं मेली."

३

 छाया दाराच्या पत्र्याला धरून उभी राहिली.

गोकुळ सांगत गेला. जीपच्या पुढच्या उजव्या चाकातला सिलिंडर गळत होता. पाय दाबला की ब्रेकचं तेल ज्यात येतं आणि पट्ट्यांना चाकावर दाबतं, तो हा सिलिंडर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोकुळनं तो नवा टाकला. डाव्या चाकातला जुनाच राहू दिला.

"दोन्ही संगंच बदलाले पाहिजे होते. ज्ञानू म्हने, सन होऊ दे, मंग दुसरा टाकू. मीनंही हाव म्हनलं. आता नव्या चाकानं जोरात धरलं असन, जुन्यानं हळू. म्हनून गाडी फिरली. दुसरं काय असन?"

छायाच्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगायलाच हवं. तिच्या मनात आलं, जाऊ दे याला. आपल्या तोंडानं कबूल करतो आहे. हा ठाण्यात गेला की ज्ञानेश्वर सुटला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली नाही. बुडत्याला समोर कोणतं लाकूड आलं याचा विचार सुचत नाही.

अश्विनी मात्र गोकुळकडे रोखून पाहत होती. वर्गात चुकलेल्या पोराकडे पाहावं तशी.

"काम झाल्यावर गाडी चालवून पाह्यली का?"

"पाह्यली न."

"ब्रेक मारला?"

"मोकळ्या रस्त्यावर. जोरात. स्टेअरिंगवरचे हात सोडून."

"मंग?"

"सरळ थांबली."

"कोनीकडेच नाही ओढलं?"

"नाही, ताई. दोरी धरल्यासारखी थांबली. म्हनून तं मी..." गोकुळ बोलता बोलता थांबला.

"म्हनून तं तू निर्दोष आहे," अश्विनी म्हणाली. "नवा-जुन्याचा फरक असता तं तो तेव्हाच दिसला असता. आदल्या दिवशी सरळ थांबनारी गाडी दसरा उलटल्यावर फिरते. मधे काय झालं? दसऱ्याले ती जाग्यावरून हलली नाही. सकाळी गल्लीतून हळूहळू काढली तेव्हा दादाले काही जानवलं नसन. मोठा ब्रेक पयल्यांदा लागला तो म्हशीपुढं."

"म्हनजे कोनी तरी दसऱ्याले उजव्या चाकाले..." छाया म्हणाली. "पन उजवं तं भिंतीकडे होतं."

"वहिनी, तुह्या माहेरी बैलगाडी होती न? चालत्या गाडीचा उजवा बैल एकदम अडला, आन डावा चालतच राह्यला, तं गाडी कोनीकडे वळते?"

वडनेर भोलजीच्या शेतातला रस्ता छायाच्या डोळ्यांपुढे आला. "उजवीकडे. अडल्या बैलाकडे."

"बस. चाकाचंही तसंच. जे चाक थांबते, गाडी त्याच्याकडे फिरते. रस्त्यावर उजव्या चाकाचा काळा पट्टा आहे, म्हनजे उजव्यानं आपलं काम केलं. ते बिचारं थांबलं. डावं थांबलंच नाही. तुम्ही सारे उजव्या चाकाले शिव्या देऊन राह्यले, आन गुन्हेगार डावं आहे. मी स्टँडवर मुद्दाम बोलली नाही. ज्यानं डाव्यात हात घातला असन, तो उजव्याचं नाव एवढं छातीठोक घेनार नाही, कुठं तरी अडखळन. ऋत्विक अडखळला नाही. गोकुळ, तूही नाही."

"मंग कोन?" छायानं विचारलं.  "डाव्या बाजूनं कोन आलं होतं माह्या दारात?"

"चाक खोललं की ते सांगन," अश्विनी म्हणाली.

४

जीप ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती. समोरचा हार सुकून दोरा राहिला होता. काचेवर आतून आपट्याची पानं अजून चिकटलेली. हवालदार अश्विनीच्या एका विद्यार्थ्याचा बाप निघाला. "माह्यासमोर काय करायचं ते करा, काही न्यायचं नाही," एवढं बजावून तो खुर्ची टाकून बसला आणि फोनमध्ये बुडाला.

अश्विनीनं आधी टायरची हवा पाहिली. दोन्हीकडे सारखी. ब्रेकच्या तेलाची बाटली काठोकाठ, म्हणजे कुठे गळती नाही. मग गोकुळनं डावं चाक काढलं आणि आतला लोखंडी ड्रम, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांवरचं टोपण, ठोकून ठोकून सैल करून खाली उतरवला.

"वहिनी, गाडीत बस. ब्रेकवर पाय ठेव. मी म्हनीन तेव्हा हळूच दाब."

छाया ज्ञानेश्वरच्या सीटवर बसली. दाराच्या खांबावर रक्त वाळलेलं होतं. तिकडे न पाहता तिनं पेडलवर पाय टेकवला.

"दाब. सोड. पुन्हा दाब. सोड."

खालून गोकुळचा आवाज आला. "ताई, चालते! जुना सिलिंडर बराबर चालते!" आणि तो बाप्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. त्याच्या मानेवरचं जू उतरलं होतं. छायाला त्याचा हेवा वाटला.

सिलिंडर चालतो, तेल भरलेलं, हवा सारखी. मग चाक थांबलं का नाही? अश्विनीनं ब्रेकच्या पट्टीवर बोट फिरवलं. ज्या पट्टीनं कोरडं, खरखरीत असायचं आणि ड्रमला घट्ट धरायचं, ती ओलीचिंब होती, चकाकत होती. बोट घसरलं.

"तेलानं माखलं," ती म्हणाली. "ओल्या हातानं साबन धरल्यासारखं झालं. धरन कसं?"

"ब्रेकचं तेल?" गोकुळनं डोळे पुसत विचारलं.

अश्विनीनं आपल्या पाण्याच्या बाटलीतून एक थेंब पट्टीवर सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. "ब्रेकच्या तेलात पानी मिसळून जाते. हे मिसळलं नाही. आसाचं ग्रीस म्हनशील तं ते काळं, घट्ट असते, आन त्याचं सील शाबूत आहे. हे पातळ आहे, पिवळं आहे. हे गाडीचं तेलच नाही, गोकुळ. हे बाहेरून आलं."

मग ती ड्रम उचलायला वाकली आणि थबकली.

ड्रमच्या कडेनं मुंग्या लागल्या होत्या. लाल, बारीक, एकामागोमाग एक. जमिनीवरून त्यांची रांग आली होती आणि ड्रमच्या तोंडावरच्या एका लहानशा भोकात शिरत होती. अश्विनीनं ड्रम नाकाशी नेला. हुंगला. तिनं छायाकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. मग पदरानं ती मुंग्या पुसू लागली. चांगल्या साडीच्या पदरानं.

"काय झालं, ताई?" छायानं सीटवरून विचारलं.

"काही नाही. काही समजत नाही यातून. तू घरी जा, वहिनी." तिनं आवाज खाली आणला. "गोकुळ, पेट्रोल आन. हे धुऊन टाकू."

गोकुळ तिच्याकडे पाहतच राहिला. "धुऊन? ताई, उद्या साहेब येईन. हाच तं पुरावा आहे. धुतलं तं ज्ञानूभाऊ..."

"आन म्हनलं न!" अश्विनी ओरडली.

५

छाया जीपमधून उतरली.

अश्विनी खोटं बोलत होती. ज्या बाईनं भावाचं नाव वाचवायला सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, ती आपल्या हातानं पुरावा धुवायला निघाली होती. भावाच्या नावापेक्षा मोठं असं काय दिसलं तिला त्या चाकात? कोणाला वाचवत होती ती?

"द्या इकडे," छाया म्हणाली.

"वहिनी, नको."

तिनं ड्रम अश्विनीच्या हातातून ओढून घेतला. जड होता. नाकाशी नेण्याचीही गरज पडली नाही. चाक तापून तेल आत करपलं होतं, आणि तो वास तिच्या स्वयंपाकघराचा होता. करडईचं तेल. घरच्या करडईचं, घाण्यावरून आणलेलं. रोज फोडणीला घालते तेच.

"हे भोक कायचं आहे, गोकुळभाऊ?"

"ब्रेक आवळाचं," गोकुळ चाचरत म्हणाला. "यातून स्क्रू ड्रायव्हर घालतात. रबराचं बूच असते त्याले. पन जुन्या गाडीत कोनाचं राह्यलं आहे बूच?"

छायानं ड्रम खाली ठेवला आणि ती तिथंच बसली.

तिच्या माहेरी दसऱ्याला बैलगाडीच्या चाकाला तेल पाजायचे. तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडावर, आसाच्या तोंडाशी, वाटीभर तेल ओतायचं. तिची आई मनकर्णाबाई म्हणायची, "चाकाले तेल पाजा, मंग ते वाट धरते." लाकडाच्या चाकाचं ते वंगणच, त्याची पूजा होऊन बसली होती. छायानं बैलाची माया जीपला लावली, तशी बैलगाडीची रीतही लावली. झेंडूचा हार घालून झाल्यावर तिनं पुढच्या चाकाच्या मध्यावर वाटी धरली आणि धार सोडली. पूजा पुढच्या चाकांची, आणि त्यांतलं डावंच मोकळं होतं. उजवं भिंतीकडे, तिथं हात पोचेना. त्या चाकाला तेल मिळालं नाही, याची तिला दिवसभर हुरहुर लागून राहिली होती.

आणि वाटी अर्धी झाली तेव्हा गीताबाईनं ती तिच्या हातातून घेतली होती. "थोडं माह्या हातानं होऊ दे, व. रोज मीच तं बसतो याच्यावर." उरलेलं तेल तिनं ओतलं होतं, आणि चाकाला हात लावून नमस्कार केला होता.

"मघापासून पुसत आली मी, कोन आलं माह्या दारात म्हनून," छाया म्हणाली. "मीच होती."

अश्विनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. 

"ऐक माह्यं," ती म्हणाली. "दादाले शुद्ध येईन तेव्हा त्याले बायको लागन. नाव-बिव मंग पाहू. गीताकाकू गेली. हे धुतलं तरी गेली, नाही धुतलं तरी गेली. तुह्यं नाव यात आलं तं गावात तुले कोनी जगू देनार नाही. गोकुळ बोलनार नाही. बोलशील का, गोकुळ?"

गोकुळनं जोरजोरात मान हलवली. पेट्रोलचा डबा त्याच्या हातात होता.

छायानं त्या डब्याकडे पाहिलं. ड्रमवर दोन धारा ओतल्या की काम होत होतं. तिला जगायचं होतं. खरंच जगायचं होतं; अकोल्याला जाऊन त्याच्या पायाशी बसायचं होतं, आणि तो उठला की काही घडलंच नाही असं त्याच्या ताटात भाकर वाढायची होती. पण मग तो उठणार तो कोण म्हणून? माणूस मारणारा म्हणून. आणि उरलेला जन्मभर तो म्हणत राहणार, गाडीनंच ओढलं, आणि एकजणही विश्वास ठेवणार नाही. घरात एकीला खरं माहीत असणार आणि ती भाकर वाढत राहणार.

"हवालदारसाहेब!" तिनं हाक मारली. हाक मारताना तिचा आवाज आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ निघाला. "इकडे या जरा. हे पाहून घ्या. साहेब येईनपर्यंत याले कोनी हात लावू नये. हे तेल मीनं घातलं आहे."

अश्विनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

६

अकोल्याहून अजून काही कळलं नव्हतं. संध्याकाळी छाया शेषरावच्या दारात गेली ती एकटी. अश्विनी येते म्हणाली, पण छायानं तिला उंबऱ्यातच थांबवलं. गावाच्या तोंडून त्याला कळावं, हे तिला नको होतं.

शेषराव ओट्यावर बसला होता. त्या दिवशी उरलेली मेथी पोत्यावर पिवळी पडली होती. ती कोणी उचललीच नव्हती. छाया पायरीखाली उभी राहिली आणि सांगत गेली. रस्त्यावरचा एकच पट्टा, गोकुळचा सिलिंडर, मुंग्या, भोक, करडईचं तेल. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. तिची सगळी हिंमत एका वाक्यात खर्च व्हायची होती, ती तिनं शेवटी खर्च केली.

"त्यानं नाही मारलं, शेषरावभाऊ. त्यानं तं ब्रेक मारला होता. माह्या तेलानं मारलं."

शेषराव तिच्याकडे पाहत नव्हता. तो पोत्याकडेच पाहत राहिला.

"तेल आत जाते, हे माहीत होतं तुले?"

"नाही."

"तू एकटीनंच घातलं?"

 मेलेल्या बाईला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तिच्या हातात वाटी दिली की अर्धं पाप तिच्यावर जाईल, आणि या म्हाताऱ्याला जन्मभर ते तिच्या फोटोकडे पाहून आठवत राहील.

"हाव," ती म्हणाली. "एकटीनंच."

शेषरावनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते, आणि नंतर ते कोरडे राहिले नाहीत.

"ती घरी येऊन सांगत होती," तो म्हणाला. "मले म्हने, छायानं जीपच्या चाकाले तेल पाजलं, मीनंही पाजलं उरलेलं. लय खूश होती. म्हने, आता कुठं अडनार नाही आपली गाडी."

 छाया पायरीशीच उभी राहिली.

"उद्या साहेब आले की मी येतो ठान्यात," शेषराव म्हणाला. "ज्ञानूचं नाव मी पुसतो. त्याचं काही नाही त्यात." मग त्यानं मेथीवरून हात फिरवला. "पन तीन दिवस मी त्याले शिव्या देऊन जगलो, छाया. झोप नाही, अन्न नाही, शिव्याच होत्या. आता मी कोनाले देऊ? तुले देऊ का तिले देऊ? तूच सांग."

 शेषरावनं पोतं बाजूला सरकवलं, आणि छाया त्याच्या शेजारी ओट्यावर बसली.